महिन्याच्या यादीचा हिशोब

मॉल आणि सुपरमार्केटांमुळे छोट्या दुकानांचं काय होतं, हा वाद आपल्याकडे पंचवीस वर्षं चालू आहे आणि दोन्ही बाजू पुरावा म्हणून एकच आकडा शोधत असतात: किती दुकानांना कायमचं कुलूप लागलं. १९९९ मध्ये मुंबईत हाजी अलीजवळ क्रॉसरोड्स मॉल उघडला, २००१ मध्ये बिग बझार आला, २०१२ मध्ये केंद्र सरकारने बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकीय गुंतवणुकीला परवानगी दिली आणि त्यावरून तृणमूल काँग्रेस सरकारमधून बाहेर पडली. प्रत्येक वेळी भाकीत एकच होतं, की वाणी आता संपला. तो संपला नाही. त्यामुळे भीती निराधार होती, असं म्हणणाऱ्यांना बळ मिळालं. मला वाटतं, मोजमापच चुकीच्या ठिकाणी लावलं गेलं. शटर रोज सकाळी वर जात असतानाही दुकानाची कमाई निघून जाऊ शकते. मोठ्या दुकानांनी छोट्यांकडून महिन्याची यादी नेली. उधारी, सुटा माल आणि पाच-दहा रुपयांच्या पुड्या तेवढ्या त्यांच्याकडे राहू दिल्या. या वाटणीचा फटका दुकानदाराला बसतोच, पण त्याच्यामागे उभ्या असलेल्या आणखी एका माणसाला बसतो, ज्याचा या वादात कुठे उल्लेखच येत नाही.

आधी उपलब्ध पुरावा पाहू. केंद्र सरकारने ‘इक्रियर’ या दिल्लीच्या संशोधन संस्थेला याच प्रश्नाचा अभ्यास करायला सांगितलं होतं. तिचा अहवाल २००८ मध्ये आला. दहा मोठ्या शहरांतल्या दोन हजारांहून अधिक छोट्या दुकानदारांची त्यात पाहणी होती. वर्षाला ४.२ टक्के दुकानं बंद पडतात आणि मोठ्या दुकानांच्या स्पर्धेमुळे बंद पडणारी वर्षाला जेमतेम १.७ टक्के, असा त्याचा निष्कर्ष. हा आकडा तेव्हापासून मॉलच्या बाजूने हजारदा वापरला गेला. त्याच अहवालात असंही नोंदवलं होतं की मोठ्या दुकानाच्या आसपासच्या छोट्या दुकानांची विक्री आणि नफा सुरुवातीच्या वर्षांत घसरतो, मग हळूहळू ती घसरण कमी होते. हा भाग फारसा कुणी उद्धृत केला नाही. अनुराधा काल्हण यांनी मुंबईतल्या मॉलच्या आसपासची छोटी दुकानं आणि फेरीवाले यांची पाहणी करून २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लेख लिहिला, त्यातही बहुसंख्यांनी विक्री घटल्याचं सांगितलं होतं, आणि ग्राहक टिकवण्यासाठी काही नवं करून पाहणारे फक्त १४ टक्के निघाले. म्हणजे दोन्ही अभ्यासांचं एका बाबतीत जुळतं: दुकान टिकतं, विक्री घटते. मग घटलेली विक्री नेमकी कोणती, हे विचारायला हवं.

किराणा दुकानाचा धंदा दोन पायांवर उभा असतो. पहिला पाय महिन्याच्या यादीचा. पगार झाला की पहिल्या आठवड्यात घरातून यादी येते: गहू, तांदूळ, तूरडाळ, साखर, तेलाचा पाच लिटरचा डबा, चहा, पोहे, रवा, अंगाचे साबण, कपड्यांची पावडर. दुकानातला मुलगा ती यादी एकदाच बसून भरतो, खोक्यात बांधतो, सायकलवर टाकून घरपोच देऊन येतो. तासाभराच्या कामात चार-पाच हजारांची विक्री होते. दुसरा पाय रोजच्या सुट्या विक्रीचा. पाव किलो साखर, शाम्पूची पुडी, दोन अंडी, दहा रुपयांची चहापूड, वीस रुपयांचं तेल. चार-पाच हजारांची विक्री अशा गिऱ्हाइकांवर करायची तर दोनशे-अडीचशे वेळा उठावं लागतं, तोलावं लागतं, सुटे पैसे द्यावे लागतात. यातली बरीचशी विक्री वहीत लिहून ठेवावी लागते. पहिल्या पायावर पैसा लवकर आणि कमी श्रमांत हातात येतो, आणि त्याच पैशावर दुसऱ्या पायाची उधारी पोसली जाते.

आता एक साधा हिशोब मांडू. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री तीन लाख आहे आणि सरसकट दहा टक्के सुटतात, म्हणजे तीस हजार. गाळ्याचं भाडं, वीज, मुलाचा पगार यांत पंधरा हजार गेले तर कुटुंबाला पंधरा हजार उरतात. शेजारी सुपरमार्केट आलं आणि महिन्याच्या याद्यांची एक लाखाची विक्री तिकडे गेली. दुकानात दोन लाखांची विक्री राहिली, त्यावर वीस हजार सुटले. भाडं, वीज, पगार मात्र तेवढेच. कुटुंबाच्या हाती उरले पाच हजार. विक्री एक तृतीयांशाने घटली आणि घरात येणारा पैसा दोन तृतीयांशांनी. दुकान उघडंच आहे, पाहणी करणाऱ्याच्या यादीत ते चालू दुकान म्हणूनच मोजलं जाणार. मग दुकानदार काय करतो? मुलाला काढून टाकतो, बायकोला किंवा कॉलेजातल्या मुलीला गल्ल्यावर बसवतो, रात्री एक तास जास्त उघडं ठेवतो. या काढून टाकलेल्या मुलाची आणि वाढलेल्या तासांची नोंद बंद पडलेल्या दुकानांच्या आकड्यात कुठेच होत नाही.

यावर लगेच सुचणारं उत्तर असं, की वाण्याने भाव कमी करावेत, दुकान नीटनेटकं करावं, म्हणजे यादी परत येईल. दुकान नीटनेटकं करण्याबद्दल दुमत नाही. भाव कमी करण्याचा प्रश्न मात्र विक्रीच्या काउंटरवर सुटत नाही, तो खरेदीच्या वेळीच ठरून गेलेला असतो. डी-मार्टचं उदाहरण घ्या. राधाकिशन दमानी यांनी आधी नेरूळला ‘अपना बाजार’ची एक फ्रँचायझी चालवून पाहिली आणि २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. मार्च २०२५ अखेर त्यांची ४१५ दुकानं झाली, आणि त्या वर्षाची उलाढाल ५९ हजार कोटींच्या घरात गेली. यामागचं गणित उघड आहे आणि त्यात बेकायदा काही नाही. बहुतेक जागा स्वतःच्या किंवा लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याच्या, त्यामुळे महिन्याच्या भाड्याचं ओझं नाही. माल थोडा, ठरावीक आणि झपाट्याने खपणारा. पुरवठादाराला पैसे काही दिवसांतच चुकते, त्या बदल्यात खरेदीत जादा सूट. त्या सुटीतला मोठा हिस्सा गिऱ्हाइकाला दिला जातो, म्हणून छापील किमतीपेक्षा वस्तू स्वस्त मिळते. इकडे वाण्याकडे माल येतो तो कंपनी, वितरक, कधी मधला घाऊक व्यापारी अशा साखळीतून. पाकीटबंद मालावर त्याला सुटणारे आठ-दहा टक्के कंपनीनेच ठरवून दिलेले असतात. मोठं दुकान ज्या भावाने तोच साबण विकतं, तो भाव पुष्कळदा वाण्याच्या खरेदीभावाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली असतो. म्हणूनच अनेक ठिकाणी छोटे दुकानदार स्वतःच सुपरमार्केटात जाऊन ‘ऑफर’चा माल पिशव्या भरभरून आणतात आणि आपल्या फळीवर मांडतात. कार्यक्षमतेत तो माणूस कमी पडला, असं म्हणायला इथे जागा नाही. त्याला माल विकत मिळतो तोच महाग.

या वाटणीत त्याच्याकडे जे गिऱ्हाईक राहतं, त्याच्याकडे आता पाहू. रोजंदारीवर जाणारा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, रिक्षावाला, हातगाडीवाला. यांच्याकडे महिन्याच्या सामानाचे चार हजार एकदम काढून द्यायला नसतात, घरात डबे भरून ठेवायला जागा नसते, आणि सुपरमार्केटात उधार मिळत नाही. त्यांची खरेदी रोजची, छोट्या पुड्यांची, वहीत लिहायची. त्यांच्यासाठी वाणी हीच बँक असते: ओळखीवर कर्ज देणारी, व्याज न लावणारी, पावसाळ्यात काम नसलं तर दोन आठवडे थांबणारी. ‘इक्रियर’च्या अहवालात एक निरीक्षण आहे, की मोठ्या दुकानांशी टक्कर देताना छोटे दुकानदार गिऱ्हाईक राखण्यासाठी उधारी वाढवतात. त्याच अहवालात असंही आहे की त्यांच्यातल्या फक्त १२ टक्क्यांना बँकेसारख्या संस्थेचं कर्ज मिळतं. ही दोन वाक्यं एकत्र वाचली की चित्र स्पष्ट होतं. रोख देणारं गिऱ्हाईक गेलं, उधारीवालं राहिलं, वही जाड झाली आणि गल्ला रिकामा. वितरकाचा माणूस आला की त्याला रोख मोजायची कुठून? असं दुकान काही काळ ताणून धरतं, मग उधारी आखडू लागतं: आधी नव्या माणसाला, मग भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला, मग ज्याचं काम कायमचं नाही अशा प्रत्येकाला. सुपरमार्केटाच्या स्वस्ताईचा लाभ पगारदार घराला झाला आणि त्याची किंमत मोजली ती ज्याने सुपरमार्केटात पाऊलही टाकलं नाही अशा माणसाने.

लाभाची ही विषम वाटणी मेक्सिकोत नीट मोजली गेली आहे. वॉलमार्टसारखी परकीय सुपरमार्केटं तिथे पसरली तेव्हा घरांच्या खर्चावर काय परिणाम झाला, हे डेव्हिड ॲटकिन, बेंजामिन फेबर आणि मार्को गोन्झालेझ-नवारो या अर्थतज्ज्ञांनी तपासलं. त्यांचा निबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी घराला उत्पन्नाच्या सहा टक्क्यांइतका लाभ झाला, हा त्यांचा मुख्य निष्कर्ष. हा लहान लाभ नाही, आणि छोट्या दुकानांची बाजू घेणाऱ्याने तो झटकून टाकू नये. पण श्रीमंत घरांचा लाभ गरीब घरांच्या सुमारे दीडपट होता, आणि पारंपरिक दुकानांत काम करणाऱ्यांचं उत्पन्न व रोजगार घटला होता. म्हणजे एकूण बेरीज अधिक, पण वाटणी वरच्या बाजूला झुकलेली. महाराष्ट्रातल्या शहरांत याहून वेगळं घडत असेल, असं मानायला मला काही कारण दिसत नाही.

रोजगाराचा मुद्दा इतका सरळ नाही. मोठी दुकानं नोकऱ्या देतात, हे खरंच आहे, आणि त्यांत पगारपत्रक असतं, भविष्य निर्वाह निधी असतो, आठवड्याची सुट्टी असते. छोट्या दुकानातल्या मुलाला यांतलं फारसं काही मिळत नाही, तो सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत राबतो, हे वाण्याची बाजू घेणाऱ्यांनी मान्य केलंच पाहिजे. वजनात मारणं, भेसळ, पावती न देणं या तक्रारीही खऱ्या आहेत, आणि गिऱ्हाईक मोठ्या दुकानाकडे वळण्यात त्यांचाही वाटा आहे. एकूण नोकऱ्या वाढतात की घटतात, यावर अमेरिकेतले अभ्यासकसुद्धा एकमेकांशी सहमत नाहीत. एमेक बास्कर यांच्या मते वॉलमार्ट आल्यावर सुरुवातीला जिल्ह्यात शंभरेक नोकऱ्या वाढतात आणि पुढच्या पाच वर्षांत त्यांतल्या निम्म्या जातात. डेव्हिड न्यूमार्क आणि सहकाऱ्यांना आढळलं की वॉलमार्टमधल्या एका नोकरीमागे किरकोळ व्यापारातल्या १.४ नोकऱ्या जातात. भारतात हिशोब आणखी अवघड, कारण आपल्याकडचा दुकानदार बहुधा नोकर ठेवणारा नसून स्वतःच राबणारा असतो. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत शेतीबाहेरच्या असंघटित उद्योगांपैकी २ कोटी ३० लाख व्यापारात होते आणि त्यांवर ३ कोटी ८७ लाख माणसं काम करत होती. म्हणजे दर दुकानामागे दोन माणसंही नाहीत. नोकरी न मिळालेल्या माणसाने उभा केलेला हा रोजगार आहे. त्यातलं उत्पन्न आटलं तर तो माणूस बेकारांच्या यादीत जात नाही, गल्ल्यावरच बसून राहतो.

शेतकऱ्याच्या बाजूनेही एक दावा केला जातो आणि त्यात तथ्य आहे. फ्लॉवर थेट मोठ्या दुकानाला विकणाऱ्या शेतकऱ्याला बाजार समितीपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त भाव मिळाल्याचं ‘इक्रियर’ने नोंदवलं होतं. अडत, तोलाई, हमाली, वाहतूक यांचे चार हात वाचले की असं होणारच. मात्र मोठं दुकान सारख्या आकाराचा, डाग नसलेला माल निवडून घेतं. उरलेला शेतकऱ्याला बाजार समितीतच न्यावा लागतो. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं-भाजीपाला बाजार समितीबाहेर विकायची मुभा आहे, आणि ज्यांनी उत्पादक कंपन्या करून माल एकत्र केला त्यांनाच तिचा खरा उपयोग झाला. विकणारा एकटा असला की मोठ्या खरेदीदारासमोर त्याचं काही चालत नाही, मग तो शेतकरी असो की साबणाचा छोटा कारखानदार.

मोठं दुकान एकदा आलं की कायमचं राहतं, असंही नाही. सुभिक्षा या साखळीची सोळाशेच्या आसपास दुकानं २००९ मध्ये काही महिन्यांत बंद पडली. बिग बझारची मालक फ्युचर रिटेल कर्जात बुडाली, २०२२ मध्ये तिची अनेक दुकानं रिलायन्सकडे गेली, आणि माल देणाऱ्या पुरवठादारांची येणी अडकून पडली. नाइट फ्रँक या सल्लागार संस्थेने २०२३ मध्ये देशाच्या आठ मोठ्या शहरांत ओस पडलेले ६४ मॉल मोजले. तोवर आसपासची जी दुकानं खचली ती मॉल ओस पडला म्हणून उभी राहत नाहीत. शेजारच्या वाण्याची बचत रोज संध्याकाळी पिग्मी एजंटच्या हातून पतसंस्थेत जाते आणि तिथून त्याच भागातल्या दुसऱ्या कुणाला कर्ज म्हणून मिळते; त्याचं दुकान आटलं की ही छोटी नळीही आटते, हा परिणाम कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

मग मोठ्या दुकानांना बंदी घालावी का? घालू नये, असं माझं मत आहे, आणि त्याला आधार फ्रान्सचा आहे. तिथे १९७३ मध्ये रॉयर कायदा आला. ठरावीक क्षेत्रफळापेक्षा मोठं दुकान काढायला स्थानिक समितीची परवानगी लागू लागली, आणि या समित्यांत छोट्या व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी होते. मारियान बर्ट्रांड आणि फ्रान्सिस क्रामार्झ यांच्या २००२ च्या अभ्यासात दिसलं की परवानग्या नाकारल्या गेल्या तिथे किरकोळ व्यापारातला रोजगार खुंटला. आधीपासून असलेल्या मोठ्या साखळ्यांना नवा स्पर्धक येण्याची भीती उरली नाही, एवढाच काय तो फायदा. बंदीने वाण्याचा खरेदीभाव एक पैशानेही उतरत नाही. दुखणं खरेदीत असेल तर इलाजही तिथेच हवा.

हे आपल्या राज्यातल्या वितरकांनी ओळखलं होतं. मोठ्या साखळ्या आणि ऑनलाइन कंपन्यांना स्वस्तात माल आणि आम्हाला महाग, हा भेद बंद करा, म्हणून २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही उत्पादनांवर बहिष्कार टाकला होता. मागणी साधी होती: समान भाव. अमेरिकेने याच मागणीवर १९३६ मध्ये रॉबिन्सन-पॅटमन कायदा केला. एकाच मालाला दोन स्पर्धक दुकानदारांकडून वेगवेगळा भाव घ्यायला त्याने बंदी घातली, पुढे त्याची अंमलबजावणी सैल झाली हा भाग निराळा. आपल्या स्पर्धा कायद्यात भेदभावाच्या भावाला मनाई आहे, पण ती वर्चस्व असलेल्या कंपनीपुरती, आणि देशाच्या एवढ्या मोठ्या बाजारात एखाद्या साखळीचं वर्चस्व सिद्ध करणं जवळपास अशक्य. दरम्यान घाऊक खरेदीची वाटही अरुंद होत चालली आहे. मेट्रो कॅश अँड कॅरीचा भारतातला धंदा २०२३ मध्ये रिलायन्स रिटेलने घेतला, म्हणजे वाणी जिथून ठोक माल उचलायचा ते कोठार आणि त्याच्याशी स्पर्धा करणारं दुकान आता एकाच मालकाचं आहे. २०२१ च्या जुलैत किरकोळ व्यापाऱ्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांत धरलं गेलं, ते फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जापुरतं. ते कर्ज गल्लीतल्या दुकानापर्यंत पोचवायला पतसंस्था आणि जिल्हा बँका यांच्याइतकं चांगलं माध्यम दुसरं नाही, कारण वाण्याची वही खरी की खोटी हे त्यांनाच कळतं.

कायद्याची वाट न पाहता दुकानदारांना स्वतः करता येण्यासारखा एक मार्ग आहे आणि तो महाराष्ट्राला परका नसावा. ग्राहकांनी एकत्र येऊन खरेदी करायची परंपरा आपल्याकडे जुनी आहे: १९४८ मध्ये नायगावच्या गिरणगावात अपना बाजार सुरू झाला, १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायतीची कुटुंबं गटागटाने महिन्याचं सामान घेतात. दुधाचे आणि साखरेचे संघ तर खेड्यापाड्यांत आहेत. दुकानदारांचे खरेदीसंघ मात्र त्या प्रमाणात कधी उभे राहिले नाहीत. प्रत्येक जण शेजारच्या दुकानाला स्पर्धक मानत राहिला. जर्मनीतल्या किराणा दुकानदारांनी १८९८ मध्ये बर्लिनला एक खरेदी सहकारी संस्था काढली. दुकानं प्रत्येकाची स्वतंत्र, खरेदी एकत्र. ती संस्था म्हणजे आजची एडेका, जर्मनीतली सर्वांत मोठी किराणा साखळी, आणि तिच्या कित्येक दुकानांचे मालक आजही स्वतंत्र व्यापारी आहेत. वॉलमार्ट १९९७ मध्ये जर्मनीत उतरली आणि २००६ मध्ये दुकानं विकून बाहेर पडली. तिच्या अपयशाची कारणं अनेक होती. स्थानिक दुकानं तिच्याइतक्याच स्वस्तात माल विकत घेऊ शकत होती, हे त्यांतलं एक. पुण्याच्या मार्केट यार्डात किंवा वाशीच्या भुसार बाजारात एका तालुक्यातल्या पन्नास वाण्यांनी मिळून तूरडाळीचा आणि तेलाचा ट्रक उचलायचं ठरवलं, तर भांडवल लागेल, गोदाम लागेल, हिशोब सांभाळणारा माणूस लागेल, आणि पहिल्या वर्षी भांडणंही होतील. पण त्या ट्रकमधल्या डाळीचा भाव सुपरमार्केटाच्या खरेदीभावाच्या जवळ जाईल, आणि पगाराच्या पहिल्या आठवड्यात यादी घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाला जवळच्या दुकानात जायचं एक रोकडं कारण मिळेल.